खोटं लागलं तर खरं शोधा

गुप्ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते माझ्या 'ळ'विषयी. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि सांगितलं, की नळ्यांची ड्रॉइंगं तुम्हाला दाखवायला पाठवलंय. माझे आईवडील भुसावळकडचे. वडील बडोद्याजवळ बाजव्याला कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले, पण आमच्या घरात केळी 'केयी'च राहिली आणि डोळा 'डोया'च. तेव्हा माझ्या तोंडून नळ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. गुप्त्यांनी मान वर न करता विचारलं, "कसली?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "कसली?" शेजारच्या टेबलावरचे दोघे हसू दाबायला लागले. मग गुप्ते म्हणाले, "ळ. जीभ मागे वळवा, चौधरीबाई." आणि ड्रॉइंगं न बघताच मला परत पाठवलं.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच लिहावं लागतं. गुप्ते हयात आहेत, तब्येतीनं ठणठणीत आहेत, आणि मला ते आवडत नाहीत. त्यामुळे माझी ती अडचण नाही.

आमचं ऑफिस सयाजीगंजात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली शेव-उसळीचं दुकान. वर आम्ही कारखान्यांसाठी पाइप, टाक्या, जिने, कठडे यांची ड्रॉइंगं काढून देतो. भास्कर गुप्ते तिथे तपासणीला होते. सगळं काम संगणकावर होतं, तरी ते प्रत्येक ड्रॉइंग कागदावर छापून घेत, उभ्यानं बघत आणि लाल पेन्सिलीनं चुकांना गोल करत. चूक सापडली नाही तर कोपऱ्यात 'चालेल' असं लिहीत. 'छान' हा शब्द त्यांनी कुणाच्या कागदावर लिहिल्याचं ऑफिसात कुणालाच आठवत नाही. शर्ट पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, कडक इस्त्रीचा. खिशात ती पेन्सिल, टोक वर करून. खिशाच्या कडेला कायम लाल डाग असायचा. तो त्यांना सांगायची हिंमत कुणी केली नाही आणि मला तर तो बघून बरंच वाटायचं.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या बांधकाम खात्यात मोठे अधिकारी होते. हे ज्याला गुप्त्यांनी सांगितलेलं नाही असा माणूस बडोद्यात सापडणं कठीण. बडोद्याची मराठी पुण्यापेक्षा शुद्ध, कारण पुण्यात ती फुकट मिळते आणि इथे जपावी लागते, हा त्यांचा सिद्धांत. खालच्या शेव-उसळीवरही त्यांचं मत होतं. उसळ आपण यांना दिली, शेव यांनी वरून टाकली, आणि टाकायला नको होती. खायचे मात्र रोज, चमच्यानं शेव बाजूला सारून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसलं.

पण हेच गुप्ते रिक्षावाल्याशी भांडताना फर्डं गुजराथी बोलत. एकदा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बोट चेमटलं तेव्हा त्यांच्या तोंडून "ओ मा, मरी गयो" असं स्वच्छ निघालं. आमच्यातले जिग्नेशभाई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "साहेबनुं गुजराती दुखे त्यारे ज नीकळे." दुखलं की मगच निघतं म्हणे. मी हसले, तर गुप्त्यांनी माझ्या कागदावर आणखी दोन गोल काढले.

आता तो शब्द सांगायला हवा. गुजराथीत कुणाचं बोलणं मनाला लागलं की 'खोटुं लाग्युं' म्हणतात. बडोद्यात वाढलेला मराठी माणूस तेच उचलून 'मला खोटं लागलं' म्हणतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. निरोप घेताना 'खोटं लावून घेऊ नका हं' म्हणतो. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला वाटतं, हा आपल्याला खोटारडं ठरवतोय की काय. मीही तसंच बोलते. भुसावळचा 'य' आणि बडोद्याचं 'खोटं', दोन्ही माझ्या जिभेवर एकत्र नांदतात.

एकदा गुप्त्यांनी कारखान्याकडून आलेल्या पाहुण्यांसमोर माझं ड्रॉइंग उचलून धरलं आणि विचारलं, हा जिना माणसांसाठी आहे की माकडांसाठी. माप पाहुण्यांनीच चुकीचं कळवलं होतं, हे चहा संपायच्या आत निघालं. गुप्त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. पाहुणे गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "साहेब, मला खोटं लागलं."

"खोटं लागलं तर खरं शोधा," ते म्हणाले.

ऑफिस हसलं. मला वाटतं गुप्त्यांनाही ते वाक्य फार आवडलं असावं, कारण त्यानंतर ते त्यांनी कायमचं खिशात ठेवलं. कुणी 'खोटं लागलं' म्हटलं रे म्हटलं की ते निघायचंच. पुढे पुढे लोकांनी त्यांच्यासमोर दुखावल्याचं बोलणंच सोडलं. दुखावणं थांबलं नव्हतं, एवढंच. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर टाळ्याला बरोबर लागली की नाही हेही तपासणार.

गुप्त्यांची बायको बडोद्याजवळच्या पादरा गावी शाळेत शिकवते. लग्नानंतर काही वर्षं रोज बसनं जायची-यायची. मग तिथेच खोली घेतली, मग मुलीलाही तिथल्या शाळेत घातलं, आणि बडोद्याला येणं बंद झालं. घटस्फोट नाही, कोर्ट नाही. फक्त रविवारी मुलगी बापाकडे यायची. दुपारी बसमधून उतरायची, संध्याकाळच्या बसनं परत. तिचं नाव शर्वरी. तिला सगळे शर्वू म्हणत, गुप्ते सोडून. नाव तोडायचं नाही, हा त्यांचा नियम.

एका रविवारी तातडीच्या कामासाठी मी आणि जिग्नेशभाई ऑफिसात होतो. गुप्तेही आले होते आणि शर्वरीला सोबत आणली होती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन मोबाईलवर काहीतरी बघत होती. बाप तिच्याकडे बघत होता आणि ती मोबाईलकडे. शेवटी गुप्ते म्हणाले, "मान मोडेल. काय आहे ते मोठ्यावर लाव." मीटिंगच्या खोलीत ड्रॉइंगं दाखवायला मोठा पडदा होता. त्यावर तिनं ती मालिका लावली आणि आमचं काम तिथेच राहिलं.

मालिका जपानी, ॲनिमे. खरं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून आम्ही तिला 'काजळी' म्हणायला लागलो. माझ्या तोंडी अर्थात 'काजयी'. समुद्रकाठचं एक गाव, तिथे सूर्य उगवतच नाही. घरोघरी दिवे. एखाद्या घरात भांडण अर्धं राहिलेलं असताना दिवा विझला, तर त्या दिव्याच्या काजळीतून एक राक्षस उठतो आणि त्या घरातल्यांना गिळायला निघतो. त्यांना मारणारी एक मुलगी आहे. तिच्याकडे वाती कातरायची मोठी लोखंडी कात्री. तिला आम्ही दिवेवाली म्हणायचो. रक्त, काळोख, छपरांवरून पळापळ, सगळं आहे. पण खरी मेख पुढे. दिवेवाली जेव्हा एक राक्षस कापते, तेव्हा गावातला एक माणूस तिला कायमचा विसरतो. कोण ते तिला आधी कळत नाही. ती ओळखीच्या दारात जाते आणि समोरचा तिच्याकडे परक्यासारखा बघतो.

मला ती फार आवडली. माझ्या वयाच्या बाईनं कार्टून काय बघायचं, असं घरचे म्हणाले, तरी मी रविवारी काम आहे सांगून जायला लागले. जिग्नेशभाईही येत. येताना खालून उसळ घेऊन येत. गुप्त्यांकडे ऑफिसची किल्ली होती आणि मालकांची हरकत नव्हती. दर रविवारी शर्वरी बसमधून उतरून थेट ऑफिसात यायला लागली. पूर्वी एखादा रविवार चुकायचा, तो चुकेनासा झाला. बापलेकीत दुसरं बोलायला काही उरलं नव्हतं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या आईचं नाव निघत नसे, शाळेचं तिला बोलायचं नसे. काजळी होती म्हणून ती येत होती. गुप्त्यांनाही हे कळत होतं. म्हणून तर मला त्यांचा जास्त राग येतो.

कारण त्यांनी त्या दुपारीही तपासणीच केली. मालिकेला खाली इंग्रजी अक्षरं यायची. आम्हा सगळ्यांना ती वाचता येत होती. तरी गुप्त्यांनी फर्मान काढलं, की शर्वरीनं प्रत्येक वाक्य मोठ्यानं मराठीत सांगायचं. तिची मराठी पादऱ्याची. आई वर्गात गुजराथी बोलणार, मैत्रिणी गुजराथी, मराठी फक्त स्वयंपाकघरात. ती सांगायची, राक्षस म्हणतो की मी तुला नाही छोडणार. रिमोट गुप्त्यांच्या हातात. चित्र थांबे. "सोडणार." शर्वरी म्हणे, "सोडणार." चित्र सुरू. दिवेवाली कात्री उगारून हवेत, आणि आम्ही तिच्यासोबत हवेत लटकलेले, का, तर 'छोडणार'चं 'सोडणार' व्हायचंय.

जिन्याचा प्रसंग तर मी विसरणार नाही. एका भागात दिवेवाली दीपस्तंभाच्या आतल्या गोल जिन्यानं वर पळत असते, खालून काजळी चढत येत असते, तिच्या हातातला दिवा फडफडत असतो. जिग्नेशभाईंचा चमचा तोंडाशी थांबलेला. गुप्त्यांनी चित्र थांबवलं. उठून पडद्याजवळ गेले. खिशातली पेन्सिल काढून, पडद्याला न टेकवता, त्यांनी पायऱ्या मोजल्यासारखं केलं.

"हा जिना कुठेच जात नाही," ते म्हणाले. "बघा. ही पायरी या भिंतीत शिरते. ही मुलगी वर पोहोचूच शकत नाही."

शर्वरी म्हणाली, "बाबा, चालू करो ने."

"चालू करा ना."

"चालू करा ना."

"भूत चालेल," गुप्ते म्हणाले, "चुकीचा जिना चालणार नाही."

खरं सांगायचं तर ते बरोबर होते. पुढे काही भागांनंतर निघालं की तो जिना मुद्दामच तसा काढला होता, तो जिना खोटा होता, राक्षसानं तयार केलेला. शर्वरी खुर्चीतून उठलीच. बाबांनी पकडलं होतं, बाबांनी आधीच पकडलं होतं, असं जिग्नेशभाईंना दोनदा सांगितलं. त्या क्षणी गुप्ते तिच्याकडे बघून नुसते हसले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "'ओळखलं होतं' म्हण. पकडायला तो काय चोर आहे." ती बसली.

चर्चेतही तेच. भाग संपला की बोलायचं असं ठरलं होतं. जिग्नेशभाई साधा माणूस, त्यांचे वडील नुकतेच गेले होते. त्यांना वाटायचं की काजळी म्हणजे मेलेल्या माणसांचं राहून गेलेलं बोलणं, म्हणून ती एवढी भुकेली. गुप्त्यांनी शांतपणे विचारलं, मग ज्या घरात कुणी मेलेलंच नाही त्या घरातून ती कशी निघते, भाग पुन्हा बघा. जिग्नेशभाईंनी चमचा खाली ठेवला. थोड्या वेळानं गुप्त्यांनाच वाटलं असावं, त्यांनी उसळीचं भांडं पुढे सरकवलं. जिग्नेशभाई म्हणाले, "ना साहेब, खोटुं नथी लाग्युं." ते वाक्य गुजराथीत असल्यामुळे गुप्त्यांना त्यावर काही करता आलं नाही.

मला नेहमी प्रश्न पडायचा की हा माणूस बघतो कशासाठी. त्यांना मालिका आवडत होती की नाही, हे आजही मला सांगता येणार नाही. पण दर रविवारी खुर्च्या तेच लावत. शर्वरीची खुर्ची पडद्यासमोर मधोमध आणि स्वतःची तिच्या जरा मागे, जिथून पडदा कमी आणि ती जास्त दिसायची.

मग तो भाग आला. दिवेवालीचा बाप गावाच्या खाडीत होडी चालवतो. गावातले बहुतेक लोक तिला विसरलेले असतात, पण बापाला ती आठवत असते, आणि तेवढ्यावर ती तग धरून असते. एक मोठा राक्षस उठतो. तिला ठाऊक असतं की आता विसरणारी माणसं फारशी उरलेली नाहीत. तरी ती तो कापते. मग रक्तानं माखलेली, लंगडत धक्क्यावर येते. होडी लागलेली. बाप वल्हं हातात धरून उभा. तो तिच्याकडे बघतो, अदबीनं टोपी काढतो आणि एक वाक्य बोलतो.

शर्वरीला ते सांगता येईना. शेवटी म्हणाली, "तो म्हणतो... कोणाचं काम आहे?"

चित्र थांबलं. पडद्यावर दिवेवालीचा चेहरा, तोंड अर्धवट उघडं.

"हे गुजराथी झालं," गुप्ते म्हणाले. "कोनुं काम छे, त्याचं भाषांतर. मराठी माणूस दारात आलेल्या परक्याला विचारतो, 'कोणाकडे आलात?'"

मला वाटलं आता तरी रिमोट दाबतील. ते वाट बघत होते.

"कोणाकडे आलात," शर्वरी म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

ते पाणी बघून गुप्त्यांना काय झालं देव जाणे. काही माणसांना समोर कुणी रडलं की सुचेनासं होतं आणि मग ती जी पहिली हाताशी येईल ती वस्तू फेकतात. गुप्त्यांच्या हाताशी विनोद आला. म्हणाले, एवढं रडण्यासारखं काय आहे, बाप पोरीला विसरला, सुटला बिचारा, दर आठवड्याची कटकट गेली.

दर आठवड्याची. मी जिग्नेशभाईंकडे बघितलं, ते खाली बघत होते.

शर्वरी मागे वळली. "बाबा," ती म्हणाली, "मला खोटं लागलं."

मला अजूनही वाटतं की त्या वेळी त्यांच्या तोंडात दुसरं कुठलंही वाक्य आलं असतं तरी निभावलं असतं. शिवी चालली असती. पण ते वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की त्यांनी ते म्हटलं असं म्हणणंही बरोबर नाही, ते आपोआप पडलं. "खोटं लागलं तर खरं शोध."

तिनं बॅग उचलली. दारात थांबून मला 'येते कुंदाताई' म्हणाली, जिग्नेशभाईंना 'आवजो' म्हणाली, आणि गेली. पादऱ्याच्या बसला अजून पुष्कळ अवकाश होता. गुप्ते खिडकीशी गेले नाहीत, जिन्याकडे गेले नाहीत. त्यांनी पडदा बंद केला आणि खुर्च्या जागेवर लावल्या.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गुप्ते येत, किल्लीनं ऑफिस उघडत, खुर्च्या मांडत. आम्ही दोघं गेलो तर म्हणत, पडद्याची वायर बिघडली आहे. वायर ठीक होती, सोमवारी तिच्यावरच ड्रॉइंगं दाखवली जात. पण पुढचा भाग त्यांनी लावू दिला नाही. जिग्नेशभाईंनी तो घरी बघून टाकला आणि मला सांगताना आवाज असा खाली आणला, की जणू काही चोरीचा माल होता.

एकदा त्यांच्या टेबलावर मी छापलेली चित्रं बघितली. मालिकेतली होती. दीपस्तंभ, धक्का, गल्ल्या. प्रत्येकात कुठे ना कुठे जिना चुकलेला, त्याभोवती लाल गोल. त्यांचे फोटो काढून ते शर्वरीला मोबाईलवर पाठवत होते, रोज एक. उत्तर येत नव्हतं. हीच त्यांची माफी असावी, असं जिग्नेशभाई म्हणाले. मी म्हटलं, माफीत समोरच्याच्या चुकांना गोल करत नाहीत. जिग्नेशभाई म्हणाले की चुका तर जपान्यांच्या आहेत. मला ते पटलं नाही.

मी गुप्त्यांशी सरळ बोलले. आयुष्यात एकदाच. म्हटलं, "साहेब, पोरीला खोटं लागलंय. फोन करा."

"मनाला लागलं, असं म्हणतात," ते म्हणाले.

"मग तेच तिला म्हणा."

त्यांनी माझ्या हातातलं ड्रॉइंग ओढून घेतलं आणि उभ्यानं बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले. मग कोपऱ्यात 'चालेल' लिहून परत दिलं. त्यात एक ढळढळीत चूक होती, ती मला नंतर टेबलावर गेल्यावर दिसली. गुप्त्यांना ती दिसली नव्हती.

त्यानंतर ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांनी मालकांच्या भाषणातला एक शब्द दुरुस्त केला. किल्ली परत द्यावी लागली, पडदा गेला, रविवार गेले. तपासणीचं काम माझ्याकडे आलं. मी कागदावर मुद्दाम 'छान' लिहिते, नसलं तरी लिहिते. शर्वरीला इथल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला आणि ती ऑफिसपासून हाकेच्या अंतरावरच्या हॉस्टेलात राहायला आली, हे मला जिग्नेशभाईंच्या भाचीकडून कळलं. बापाला कळवलं होतं का, विचारलं. नाही, असं कळलं. शहर एक, रस्ता एक, आणि ती पादऱ्याहून जेवढी येत होती तेवढीही आता येत नव्हती.

मी गुप्त्यांना शेवटचं बघितलं ते अशाच एका रविवारी दुपारी. काम होतं म्हणून ऑफिसात गेले होते. वर जायच्या आधी खाली पार्सल घ्यायला थांबले. दुकान भरलेलं. मधल्या टेबलावर हॉस्टेलच्या चार मुली, त्यांच्यात शर्वरी. केस कापलेले, पण मी लगेच ओळखलं. पाचव्या खुर्चीवर तिची बॅग. काजळीचा शेवटचा हंगाम नुकताच आला होता आणि त्यावर रणकंदन चाललं होतं. एक मुलगी म्हणत होती, दीपस्तंभ कसला सुंदर काढलाय. शर्वरी म्हणाली, "एनो दादर तो जो. क्यांय जतो ज नथी." जिना बघ की, कुठेच जात नाही.

गल्ल्याशी गुप्ते उभे होते. हातात प्लेट. शर्ट तसाच पांढरा, खिशाला जुना लाल डाग, पेन्सिल नव्हती. त्यांनी ते ऐकलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळलं. मला त्यांनी बघितलं नाही. ते टेबलांमधून वाट काढत गेले आणि त्या पाचव्या खुर्चीमागे उभे राहिले.

शर्वरीनं मान वर केली. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही.

"कोणाकडे आलात?" ती म्हणाली.

शुद्ध मराठीत, अदबीनं, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं. तिच्या मैत्रिणींना वाटलं म्हातारा टेबल चुकला. एकीनं पलीकडे बोट दाखवून सांगितलं, "काका, त्यां जग्या छे."

गुप्ते हलले नाहीत. प्लेट जराशी कलली आणि उसळीचा रस कडेवरून त्यांच्या बोटांवर आला.

"मला खोटं लागलं," ते म्हणाले.

मी तेवढ्या जवळ होते की मला ते नीट ऐकू आलं. 'मनाला लागलं' नाही. 'वाईट वाटलं' नाही. खोटं लागलं. मला त्यांची दया आली असं मी लिहिणार नाही. मला बरं वाटलं, आणि ते किती दिवसांचं साठलेलं बरं वाटणं होतं ते माझं मला माहीत.

शर्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लागू दे."

आणि मैत्रिणींकडे वळली. बॅग तिनं खुर्चीवरून काढली नाही. गुप्ते गेलेही नाहीत. त्यांनी तिथेच उभ्यानं खायला सुरुवात केली. मुलींनी थोडा वेळ एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा वाद सुरू झाला. शर्वरी निम्मं गुजराथी, निम्मं हिंदी, मधे मराठी असं बोलत होती. एका वाक्यात तिनं 'छोडणार' म्हटलं. गुप्त्यांचा चमचा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

मी पार्सल घेतलं आणि वरच्या जिन्याकडे निघाले. मागून त्या मुलींपैकी एकीचा आवाज आला, उत्तरेकडची असावी, ती मालिकेला शर्वरीकडून उचललेल्या आमच्याच नावानं 'काजली' म्हणत होती.

"काजळी," शर्वरी म्हणाली. "ळ. जीभ पीछे मोड़."

मी वळून बघितलं. गुप्ते उभेच होते. बॅग खुर्चीवर होती.